काकांनी नेलेलं फाटक

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार,

मी ३९ वर्षांची आहे. माझं लहानपण एका छोट्या गावात, एकत्र कुटुंबात गेलं. आमच्या घरात प्रत्येक जण एकेक नमुना होता. काकांना दुरुस्तीचं वेड. कुणाचं फाटक कुरकुरताना ऐकलं की मालकाला न विचारता ते बिजागऱ्यांसकट उचलून घरी आणायचे आणि आठ-पंधरा दिवसांनी तेल घालून, रंग देऊन परत नेऊन बसवायचे. एकदा त्यांनी दोन घरांची फाटकं अदलाबदल करून बसवली. ती आजही तशीच आहेत, कारण दोन्ही घरांना आपापलं नवं फाटक जास्त आवडलं. आत्या अबोला धरायची. कुणाशी कधीपासून बोलायचं नाही हे विसरू नये म्हणून तिनं एक वही केली होती. त्यात नाव, तारीख, कारण असे रकाने. एका नावापुढचा कारणाचा रकाना रिकामा राहिला होता. कारण तिलाही आठवेना, पण तारीख लिहिलेली आहे म्हटल्यावर अबोला चालूच राहिला.

मला या सगळ्याची फार लाज वाटायची. मी ज्याच्याशी लग्न करणार होते त्याच्या घरची माणसं पहिल्यांदा आमच्याकडे आली, त्या दिवशी मीच काकांना सांगितलं, आज दिवसभर बाहेर राहा. ते काही न बोलता गेले. रात्री आले.

आज मला छोट्या गावातल्या अशाच तऱ्हेवाईक कुटुंबांच्या विनोदी गोष्टींचं अक्षरशः व्यसन आहे. दिवस वाईट गेला की मी तेच वाचते, तेच ऐकते, पाठ झालेल्या जागी पुन्हा हसते. नवरा विचारतो, पुढे काय होणार हे माहीत असताना हसतेस कशाला? पुस्तकातल्या काकांवर मी जीव टाकते आणि स्वतःच्या काकांना मात्र घराबाहेर पाठवलं. काका दोन वर्षांपूर्वी गेले.

गेल्या महिन्यात माझ्या ९ वर्षांच्या मुलीला मी फाटकाची गोष्ट सांगितली. ती हसून हसून लोळली. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, तिथेच बसला होता. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. माझं चुकलं का? या गोष्टी मला एवढ्या का आवडतात? आणि त्या सांगायचा मला अधिकार आहे का?

— गावातून आलेली एक वाचक

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा मोठ्यानं हसले. एकदा अदलाबदल झालेल्या फाटकांपाशी आणि दुसऱ्यांदा आत्यांच्या वहीतल्या त्या रिकाम्या रकान्यापाशी. मग गॅलरी आली आणि मी पत्र बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेतलं. तुमच्या मुलीनं जे केलं तेच मीही केलं, तेही तुमच्या काकांना कधी न पाहता. तेव्हा तुमचं चुकलं का, या प्रश्नात आता मीही तुमच्याबरोबर आहे.

आधी नवऱ्याचा प्रश्न घेऊ. पुढचं माहीत असताना माणूस हसतो कसा? कोड्याचं उत्तर कळलं की कोडं संपतं. चुटकुलाही दुसऱ्यांदा ऐकवत नाही, कारण त्याचं सगळं बळ शेवटच्या वाक्यात असतं. घरातल्या माणसांच्या गोष्टीचं तसं नाही. काका फाटक उचलणार हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. मजा असते ती कुरकुर कानावर पडल्यावर त्यांचा चेहरा कसा बदलतो, घरचं कुणी अडवायच्या आत ते कसे रस्त्यावर पोचलेले असतात, यात. माणूस नीट ओळखीचा झाला की ‘आता हा असंच करणार’ याचंच सुख वाटायला लागतं. चार नातेवाईक जमल्यावर एखादी जुनी गोष्ट विसाव्यांदा निघते, तेव्हा पाहा. निम्मी माणसं पुढचं वाक्य आधीच पुटपुटत असतात, आणि सांगणाऱ्यानं एक तपशील गाळला तर तिघं त्याला अडवतात. प्रत्येक जण आपण अजून या घोळक्यात आहोत ना, हे त्या गोष्टीतून चाचपून पाहत असतो.

हसण्याचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना नोंदींमधून असं दिसलं होतं की, समोर पुस्तक किंवा टीव्ही असं काही नसेल तर माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या जवळपास ३० पट चारचौघांत हसतो. आणि त्या हसण्याच्या लगेच आधी बोललेली बहुतेक वाक्यं विनोदी नसतातच, साधीसुधी असतात. तुम्ही रात्री एकट्या बसून हसता. याचा अर्थ मी असा लावते, की ते पुस्तक तुम्हाला चारचौघं पुरवतं. वाईट दिवसानंतर तुम्ही तिकडे वळता यात मला काहीच विचित्र वाटत नाही. नवऱ्याला हे सांगा. एकदा त्याला शेजारी बसवून मोठ्यानं वाचूनही दाखवा.

आता ही माणसं बहुतेक वेळा छोट्या गावातच का भेटतात? मोठ्या शहरात एखादा माणूस असह्य झाला की आपण रस्ता बदलतो, वेळ बदलतो, फार तर घर बदलतो. छोट्या गावात ती सोय नाही. तीच पन्नास माणसं वेगवेगळ्या नात्यांनी पुन्हा पुन्हा समोर येतात. जिच्याशी भांडण आहे तिच्याच घरी उंच शिडी असते, आणि आपल्या कौलांवर चढायला तीच एक शिडी लागते. आत्यांचा अबोला शहरात विनोदी झालाच नसता. शहरात दोघांनी बोलणं सोडलं की ती दोघं भेटायचीच थांबतात आणि गोष्ट तिथेच मरते. गावात मात्र अबोला धरलेल्या माणसाच्या दारावरून रोज जावं लागतं, निरोप भिंतीला सांगावे लागतात, आणि मध्ये एखादं सात वर्षांचं पोर लागतं, जे धावत जाऊन सांगतं, “आत्या म्हणते, तिला तुम्हाला काहीच सांगायचं नाहीये.” टाळता येत नाही म्हणून निभावून न्यावं लागतं, आणि निभावून नेण्याच्या ज्या शंभर तऱ्हा माणसं शोधून काढतात त्यांतून हा विनोद तयार होतो.

म्हणूनच तुमच्या गोष्टीत मला काकांइतकीच ती दोन घरं मोलाची वाटतात. त्यांनी तक्रार केली नाही, फाटकं पुन्हा बदलून मागितली नाहीत. एका सकाळी आपल्या दाराशी शेजाऱ्याचं फाटक लागलेलं पाहिलं, चार दिवस वापरलं आणि ठेवून घेतलं. काकांचं वेड त्या गावानं आपल्या रोजच्या व्यवहारात असं मुरवून घेतलं. या जातीच्या गोष्टी इतक्या ओढून का घेतात, याचं माझं उत्तर हेच आहे. गोष्टीतला माणूस कितीही विचित्र वागला तरी संध्याकाळी त्याची जागा त्याच्यासाठी रिकामी असते. दमून आलेल्या वाचकाला ती रिकामी ठेवलेली जागा पाहायची असते. तुम्हालाही ती पाहायची असते, असा माझा अंदाज आहे. किंबहुना तुम्हाला ती इतरांपेक्षा जास्त हवी असेल, कारण एका दिवशी तुम्ही ती काकांना नाकारली होती.

मात्र प्रत्यक्षातली छोटी गावं काही गोष्टींतल्या गावांइतकी मायाळू नसतात, हेही म्हटलंच पाहिजे. ज्या जवळिकीतून हा विनोद येतो तिच्यातूनच कुजबुज येते, नावं ठेवणं येतं, एखाद्याला वाळीत टाकणंही येतं. हाताशी चार पैसे असलेल्या माणसाला गाव लहरी म्हणतं, आणि तसंच वागणाऱ्या गरिबाला वेडा ठरवतं. बाईचा लहरीपणा तर फारच कमी वेळा कौतुकाचा होतो. तुम्ही लहानपणी अनुभवलेली लाज हवेतून आलेली नव्हती. तुम्ही जिथे वाढलात तिथे लोक खरोखरच पाहत होते, बोलत होते.

मग पुस्तकातल्या काकांवर जीव आणि घरातल्या काकांची लाज, हे कसं जुळतं? आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९०० साली हसण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की हसायचं तर तेवढ्यापुरतं काळीज बधिर व्हावं लागतं. ज्याची आपल्याला काळजी वाटते, ज्याच्याबद्दल जीव तुटतो, त्याच्यावर तेवढ्या क्षणी हसता येत नाही. तुमच्या बालपणाला हे चपखल लागू पडतं. काकांनी फाटक उचललं की दुसऱ्या दिवशी शाळेत उत्तर तुम्हाला द्यावं लागत असणार. त्यांच्या वागण्याचा तुमच्या नावाशी संबंध होता. पुस्तकातल्या काकांबद्दल तुम्हाला कुणी जाब विचारत नाही, म्हणून तुम्ही त्यांच्याकडे सवडीनं पाहू शकता. सवडीनं पाहिलं की माणूस आवडू लागतो. यात दुटप्पीपणा नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलीजवळ ती सवड नव्हती, एवढंच.

तरीही बर्गसाँ मला अर्धाच पटतो. अंतरामुळे हसता येतं हे खरं, पण निव्वळ अंतरातून येणारं हसू निराळं असतं. ते रस्त्यात घसरून पडलेल्या अनोळखी माणसावरचं हसू. घरातल्या माणसाच्या आठवणीनं येणाऱ्या हसण्याची जात दुसरी. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचा उगम शृंगारातून सांगितलेला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचं फार नवल वाटलं होतं. मला भावलेला त्याचा अर्थ असा, की जिथे जीव जडलेला असतो तिथूनच हे हसू फुटतं. तुमचे काका फाटकं उचलताना कसे दिसत असतील हे मला दिसलं, कारण ते तुम्ही मन लावून पाहिलं होतं. लाज वाटत असतानाही पाहिलं होतं. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याच्या बिजागऱ्या आपल्याला तीस वर्षांनी आठवत नाहीत.

त्याच ग्रंथात हास्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसणं तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणं तो परस्थ. आजवर तुम्ही पहिल्या प्रकारातच होता, एकट्यानं वाचून हसत होता. गेल्या महिन्यात पहिल्यांदा दुसऱ्याला हसवलंत, तेही घरच्या माणसाच्या गोष्टीवर, आणि ज्याचे ते वडील तो समोर बसलेला असताना. वाचणाऱ्यावर कसलीही जबाबदारी नसते. सांगणाऱ्यावर असते. तुमचा अधिकाराचा प्रश्न इथून सुरू होतो.

शब्दापासूनच सुरुवात करू. मराठीत अशा माणसांसाठी किती शब्द आहेत पाहा: तऱ्हेवाईक, लहरी, चक्रम, विक्षिप्त, इरसाल, वल्ली, नमुना, अवलिया. यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ‘विक्षिप्त’ म्हटलं की बोलणारा दोन पावलं मागे सरकलेला असतो. ‘चक्रम’ घरातल्या घरात मायेनं म्हणता येतं, परक्यानं म्हटलं तर बोचतं. ‘अवलिया’ची गोष्ट तर फार सुंदर आहे. अरबीत ‘वली’ म्हणजे ईश्वराच्या जवळचा माणूस, सत्पुरुष. ‘औलिया’ हे त्याचं अनेकवचन. मराठीत येऊन हा शब्द कुठल्याच चौकटीत न मावणाऱ्या माणसाला लागला. जगाच्या रीतीनं न वागणाऱ्याला आपली भाषा संतांच्या पंक्तीला बसवते, हे मला कायम हलवून जातं. तुम्ही पत्रात ‘नमुना’ लिहिलंत. मुलीला सांगताना कोणता शब्द वापरला होता? आठवून पाहा, कारण चुलतभावाच्या कानांनी गोष्टीच्या आधी तो शब्द ऐकला असेल.

लेखकांनीही या पेचातून वाटा काढलेल्या आहेत. कॅनडाच्या स्टीफन लीकॉकनं १९१२ साली मारिपोसा नावाच्या एका काल्पनिक गावावर विनोदी लेख लिहिले. ओंटारिओमधल्या ओरिलिया गावाजवळ त्याचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं, आणि मारिपोसा बेतलेलं होतं ते याच गावावर. लेख आधी वर्तमानपत्रात आले तेव्हा काही नावं इतकी खऱ्याच्या जवळची होती की पुस्तक करताना त्यानं ती बदलली. प्रस्तावनेत त्यानं सांगून टाकलं की मारिपोसा हे एक गाव नव्हे, अशी सत्तर-ऐंशी गावं मिळून ते झालं आहे. माणसांना एवढा आडोसा दिला की ती मोकळेपणी वावरू शकतात. पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्या पुस्तकाच्या शेवटाबद्दल. संपूर्ण पुस्तकभर गावावर हसवून झाल्यावर लेखक शेवटी शहरातल्या एका श्रीमंती क्लबात येऊन बसतो. तिथे त्याच गावातून आलेली, पैसा करून गावाला विसरलेली माणसं आहेत. मग ती मनातल्या मनात गावाकडे जाणाऱ्या गाडीत बसतात. अंधार पडतो, खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसतो, आणि प्रश्न पडतो की इतक्या वर्षांनी आपल्याला तिथे कुणी ओळखेल का. ती पानं तुम्ही वाचा. गावावर हसणारा माणूस गावाबाहेर पडलेला असतो आणि त्याला परत जायचं असतं, हे इतकं सरळ मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

दुसरं उदाहरण मला अडचणीत टाकणारं आहे. जेराल्ड डरेल या इंग्रजी लेखकानं १९५६ साली ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या आपल्या बालपणाचं पुस्तक लिहिलं. आई, भावंडं, प्राणी आणि अखंड गोंधळ. त्यात थोरला भाऊ लॉरेन्स सगळ्यांबरोबर एकाच घरात राहतो आणि सगळ्यांना हैराण करतो. प्रत्यक्षात लॉरेन्सचं तेव्हा लग्न झालेलं होतं आणि बायको नॅन्सीबरोबर तो बराच काळ वेगळ्या घरात राहत होता. पुस्तकात नॅन्सी नाहीच. पुस्तक माझं अत्यंत आवडतं आहे, आजारपणात मी तेच मागते, आणि तरीही नॅन्सीचं नसणं मला टोचतं. कुटुंबाच्या विनोदी गोष्टीतून कुणीतरी गळतंच, आणि बहुधा तेच माणूस गळतं, ज्याच्यामुळे हसण्याची लय बिघडली असती.

तुमच्या फाटकाच्या गोष्टीत काकू कुठे आहेत? त्या पत्रात एकदाही येत नाहीत. आणि चुलतभाऊ? तो गोष्टीत नाही, फक्त गॅलरीत आहे. आठ-पंधरा दिवस ज्या घराचं फाटक गायब असे, त्या घरच्या बाईशी सकाळ-संध्याकाळ बोलायला कोण जायचं? रंगाच्या डब्यांचे पैसे कोण मागायचं, कोण द्यायचं? जड फाटकाचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? एकट्या माणसाला फाटक नेऊन बसवता येत नाही. तऱ्हेवाईक माणसाच्या प्रत्येक गोष्टीत दुसरं टोक धरणारं कुणीतरी असतं, आणि माझी शंका अशी आहे, की तुमच्या गोष्टीत ते टोक एका दहा-बारा वर्षांच्या मुलानं धरलेलं असेल.

ही शंकाच आहे, ती खोटीही ठरेल. तो गॅलरीत का गेला हे मला इथून सांगता येणार नाही. तो दुखावला गेला असेल. किंवा दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वडिलांना इतकं जिवंत करून समोर उभं केलं, आणि भरलेले डोळे त्याला तुमच्या मुलीला दाखवायचे नसतील. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. म्हणून विचारावंच लागेल. ‘तुला राग आला का?’ असं विचारू नका, तो ‘छे’ म्हणेल आणि विषय संपेल. ‘माफ कर’नेही सुरुवात करू नका, त्यामुळे त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. त्याला कामाची गोष्ट विचारा. म्हणा, फाटकाची गोष्ट मला अर्धीच माहीत आहे, फाटक परत न्यायला काकांबरोबर कोण जायचं? आणि मग गप्प बसा. गोष्ट त्याच्या बाजूनं सुरू होऊ द्या, ती कडू निघाली तरी मध्ये हसू नका आणि सावरूही नका.

तो म्हणाला की ही गोष्ट पुन्हा सांगू नकोस, तर त्याच्यासमोर आणि परक्यांसमोर सांगू नका. वडिलांवर मुलाचा हक्क पुतणीच्या आधीचा, असं मला वाटतं. आणि बोलता बोलता असं कळलं की काकांचं वागणं हा स्वभाव नव्हता, त्यामागे एखादं दुखणं होतं, ज्याला वेळेत औषध मिळालं नाही, तर ती गोष्ट हसण्यासाठी सांगणं थांबवाच. पण तुमच्या पत्रातल्या काकांकडे पाहून मला तसं वाटत नाही. त्यांची फाटकं परत जात होती, आणि आधीपेक्षा चांगली होऊन जात होती.

इथे मला माझ्या आईची आठवण येते. तिच्या थोरल्या भावाला, माझ्या मामाला, सगळं काही छत्रीनं मोजायची सवय होती. खोली सहा छत्र्या लांब, विहीर अकरा छत्र्या खोल. परक्यांना सांगताना आई एवढ्यावरच थांबायची. लोक हसायचे, तीही हसायची. घरात सांगताना मात्र गोष्ट पुढे जायची. गावातल्या सुतारानं मामाच्या छत्रीच्या मापाची एक काठी करून ठेवली होती, कारण मामा मापं सांगायचा ती छत्रीतच, आणि त्याला फूट-इंचांत बोलायला लावणं सुताराला बरं वाटत नव्हतं. पुढे ती छत्री मोडली. मामा दोन दिवस काही न मोजता हरवल्यासारखा हिंडत होता. तिसऱ्या दिवशी सुतार ती काठी घेऊन आला आणि त्याच्या हातात देऊन गेला. छत्रीपर्यंतची गोष्ट ऐकताना लोकांना मामा दिसायचा. सुतार आला की आम्हाला अख्खं गाव दिसायचं. मला आईची ती घरातली गोष्ट हवी असायची, आणि आजही मी कुणाला सांगते तेव्हा सुताराशिवाय सांगत नाही.

तुमच्या गोष्टीतही सुतार आहे. ती दोन घरं आहेत, आणि काकूही असतील. त्यांना आत घ्या. काकांना कुरकुर का सोसवत नव्हती, त्यांच्या लेखी फाटक उचलून आणणं म्हणजे नेमकं काय होतं, हेही शोधा. तऱ्हेवाईक माणूस स्वतःला कधीच विनोदी वाटत नसतो. त्याच्यापाशी पक्कं, सरळ कारण असतं. ते कारण ऐकणाऱ्याला कळलं की हसू कमी होत नाही, उलट ते जास्त वेळ टिकतं, आणि समोर त्या माणसाचा मुलगा बसलेला असला तरी कुणाला उठून जावं लागत नाही.

मुलीसाठी या गोष्टी चालू ठेवा, हे मी आग्रहानं सांगते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणती संकटं आली, असे ते साधे प्रश्न होते. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांना स्वतःबद्दल अधिक विश्वास होता आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असंही अधिक वाटत होतं. नुसती उत्तरं पाठ करून हे येत नाही. ज्या घरात अशा गप्पा होतात त्या घराचा तो गुण असावा. त्या अभ्यासकांना असंही दिसलं की घराच्या नुसत्या भरभराटीच्या किंवा नुसत्या घसरणीच्या गोष्टींपेक्षा चढ आणि उतार दोन्ही असलेल्या गोष्टी मुलांना जास्त बळ देतात. तुमच्या मुलीनं आतापर्यंत फक्त हसरा भाग ऐकला आहे.

आणि आता ज्या दिवसाचं ओझं तुम्ही वाहताय त्याबद्दल. काकांची माफी मागायची वेळ गेली, हे मी गोड करून सांगू शकत नाही. पण तो दिवस गोष्टीबाहेर ठेवलात तर गोष्ट कायम काकांवरच हसणारी राहील. चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवून पाहा. सगळ्या घराचे घोटाळे तो सांगतो आणि प्रत्येक घोटाळ्यात स्वतः सापडलेला असतो. म्हणून आपण त्याला दुसऱ्यांबद्दल काहीही सांगू देतो. सांगणाराच फक्त शहाणा, आणि बाकी सगळे वेडे, अशी गोष्ट फार काळ ऐकवत नाही. तुमच्या गोष्टीत तुम्हीही या. एक मुलगी होती, तिला आपल्या काकांची लाज वाटायची, आणि पाहुणे आले त्या दिवशी तिनं त्यांना बाहेर पाठवलं. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजतं. त्या वयात मुलांना लाजेबद्दल भरपूर माहिती असते. हा भाग हसत सांगू नका, रडतही सांगू नका, फाटकाचा सांगितलात तसाच सांगा.

ती लगेच विचारेल, मग ते दिवसभर कुठे होते? तुम्ही ते पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला ठाऊक नसावं. चुलतभावाला विचारा. कदाचित तो त्यांच्याबरोबरच होता.